गाडी ठणठणीत आहे

भिंगरी मिस्त्रीला तुम्ही एका जागी बसलेला कधी बघितलाय? नाही ना? मग तुमचं काही चुकलं नाही, आम्हीही नाही बघितला. जेवायला बसला तरी एक गुडघा उभा, आता उठून पळेल की मग याचा नेम नाही. न्हाव्याच्या खुर्चीत बसून त्याने दोनदा कान कापून घेतलाय. भिंगरी हे नाव बायकोनेच ठेवलं होतं, लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात. ते घरातून गॅरेजात कसं पोचलं देव जाणे, पण पोचलं ते चिकटलंच. आता तर त्याला खऱ्या नावाने हाक मारली तर तो मागे वळून कोण आलंय ते बघतो.

धंदा शॉकअपचा. म्हणजे काय ते सांगतो, गाडीतलं कळत नसेल तरी हरकत नाही. चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबते आणि मग उसळते. ती उसळतच राहू नये म्हणून तिच्या शेजारी तेलाने भरलेलं एक नळकांडं असतं, ते तिला आवरून धरतं. तेवढंच त्याचं काम. ते मेलं तरी गाडी चालते, दिवे लागतात, हॉर्न वाजतो, फक्त आतला माल आणि माणूस टणाटणा उडत राहतो. बरं, मरतंही ते हळूहळू. रोज चालवणाऱ्याला कळतच नाही. त्याला वाटतं रस्तेच बिघडलेत.

मिस्त्रीची तपासायची रीत ठरलेली. गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे ठेवायचे, सगळं अंग टाकून दाबायचं, एकदम सोडायचं आणि बघायचं. एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप जिवंत. दोनतीनदा डुलली तर गेला. पण ही रीत पुढच्या बाजूची. ट्रकच्या मागे लोखंडाचे जाड पाटे असतात, रिकामा ट्रक तिथे दोन पैलवानांनी दाबला तरी हलायचा नाही. मागचं बघायचं तर पाठीवर झोपून गाडीखाली जावं लागतं, त्याला पर्याय नाही. हे मिस्त्रीने आयुष्यभर शेकडो लोकांना सांगितलंय, आणि सांगितलंय कसलं, खेकसलाय. "खाली गेल्याशिवाय बोलायचं नाही!" असा तो माणूस.

आणि तोच बोलून बसला. तेही स्वतःच्या लेकीबद्दल.

लेक त्याची थोरली. लहानपणापासून बापाच्या मागे गॅरेजात, पाने आणि नट यांच्याशी खेळलेली. मोठी झाल्यावर म्हणाली, मी ट्रक चालवणार. आईने कपाळावर हात मारला. बापाला मात्र आतून गुदगुल्या झाल्या, पण तोंडावर काही दाखवलं नाही. अंडी वाहणाऱ्या एका मालकाकडे तिला काम मिळालं. पोल्ट्रीतून अंडी उचलायची आणि चाळीस मैलांवरच्या उबवणी केंद्रात पोचवायची. ही खायची अंडी नव्हेत, पिल्लं काढायची. एखाद्याला केसाएवढी चीर गेली तरी ते अंडं वाया. केंद्रात एक अंधारी खोली, तिथे एक चष्मेवाल्या बाई दिव्यापुढे अंडं धरून बघतात आणि चिरलेलं बाजूला काढतात. त्या बाई कुणाची भीडभाड ठेवत नाहीत. शंभरात दोन चिरलेली चालतात, तिसरं नाही.

पहिले चार महिने सुरळीत गेले. मग आकडा चढायला लागला. शंभरात तीन, चार, एकदा तर सात. इतर ड्रायव्हर म्हणायला लागले, बाईमाणसाचा हात, ब्रेकवर पाय आपटत असणार. मालक तसा सरळ माणूस. त्याने मिस्त्रीलाच बोलावलं. म्हणाला, "मिस्त्री, गाडी तुमच्याच हाताखालून गेलेली आहे आणि ड्रायव्हरही तुमचीच. तुम्ही सांगाल ते मी मानीन. दोष गाडीचा की पोरीचा?"

झालं! आवारात चार ड्रायव्हर उभे, हमाल उभे, सगळ्यांचे कान टवकारलेले. मिस्त्रीच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की मी गाडीचा दोष म्हटलं तर हे सगळे म्हणणार, बाप आहे, लेकीची बाजू घेतोय. तीस वर्षं कमावलेला शब्द एका मिनिटात पाण्यात. शिवाय त्या दिवशी तो डोळे तपासायला निघाला होता, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्याने पुढचे दोन्ही कोपरे दाबले. गाडी एकदाच वर येऊन थांबली. मागे गेला. पाट्यांवर भार टाकून दाबल्यासारखं केलं. हलली नाही. हलणारच नव्हती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? जाताजाता मागच्या टायरवर त्याची नजर पडली. टायर सारखा झिजला नव्हता, ठिकठिकाणी चावे घेतल्यासारखा झिजला होता. शॉकअप गेल्याची खूण दुसरी काय असते! पण नजर पडली आणि त्याने ती उचलली.

"गाडी ठणठणीत आहे," तो म्हणाला. "पोरीचा हात जड आहे."

आवारात कुणीतरी 'वा!' म्हणालं. बघा, बाप असून खरं बोलला, असं सगळ्यांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. लेक गाडीच्या दाराशी उभी होती. तिचे कान लाल झाले, पण ती बापाला उलट बोलली नाही. मालकाने तिला तीन आठवडे दिले. तेवढ्या दिवसांत आकडा शंभरात दोनवर आला तर ठीक, नाहीतर किल्ली परत करायची आणि ट्रे धुवायच्या शेडमध्ये कामाला लागायचं. शेडमध्ये गेलेली बाई पुन्हा गाडीवर येत नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

त्या संध्याकाळी घरी तिने आदळआपट केली असती तर फार बरं झालं असतं. तिने ताट वाढून घेतलं, दोन घास खाल्ले आणि विचारलं, "बाबा, हात हलका कसा करायचा?"

आता काय सांगणार? त्याने जुनी युक्ती सांगितली, ऐकीव. समोर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा आणि पाणी सांडू न देता गाडी चालवायची. तिने ती मनावर घेतली. रोज माल भरण्याआधी तासभर लवकर निघायची, स्टीलचा पेला दोऱ्याने बांधून समोर ठेवायची आणि मालकाच्या वखारीमागच्या खडबडीत रस्त्यावर फेऱ्या मारायची. परत यायची तेव्हा पेला अर्धा रिकामा आणि तिची ओढणी भिजलेली. "आज तर मी चालत्या माणसाच्या वेगाने गेले हो," ती आईला सांगायची. "तरी सांडलंच. माझ्या पायातच काहीतरी खोट आहे."

आई शिलाईकाम करायची. मशीन थांबवून म्हणायची, "अगं, बाबा सांगतात तसं नीट कर ना. ते काय तुझं वाईट सांगतील?"

हे वाक्य ऐकलं की मिस्त्री उठलाच. अंगणात जा, आत ये, पाणी पी, परत बाहेर जा. गॅरेजात पाना हातात घ्यायचा आणि कशासाठी घेतला ते विसरायचा. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचं चाक बसवून त्याचा एक नट खिशात घालून घरी आला, मग जिवाच्या आकांताने स्कूटर पिटाळत त्या माणसाच्या दारात गेला. बायकोने विचारलं, "अहो, तुमच्या अंगात आलंय तरी काय? भिंगरी होतात, आता भोवरा झालात!" तो म्हणाला, पित्त झालंय. बायकोने धणे-जिऱ्याचा काढा करून दिला, तोही त्याने उभ्याउभ्या प्यायला.

असं नका समजू की त्याला ठाऊक होतं आणि तो डांबिसपणा करत होता. तसं असतं तर झोप तरी लागली असती. त्याला ठाऊक नव्हतं. त्याला संशय होता, आणि तो स्वतःशीच वाद घालत होता. टायर हवा कमी असल्यानेही तसा झिजतो. पोरीचा पाय जड असेलही, तरणं रक्त आहे. शॉकअप मीच बसवलेत, तीन वर्षं तरी जातील. आणि समजा गेले असले, तर आता कुठल्या तोंडाने सांगू? खाली जाऊन बघितलं की संपलं, पाच मिनिटांचं काम. तेवढंच सोडून तो बाकी सगळं करत होता.

दोन आठवडे गेले. एक दिवस सकाळी लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्या शेजारी बसून बघा ना. मी कुठे चुकते ते सांगा." नाही कसं म्हणणार? बसला. रस्त्याला लागले. तिचे हात चाकावर इतके हलके होते की जणू झोपलेलं मूल धरलंय. गिअर बदलला तो ऐकूही आला नाही. पुढे एक उथळ खड्डा होता, तिने तो लांबूनच ओळखला, गाडी जवळजवळ थांबवली, चाक अलगद उतरवलं. पुढचं चाक गेलं, काही नाही. मागचं गेलं मात्र, आणि मिस्त्रीच्या कमरेखाली गाडी एकदा उसळली, दुसऱ्यांदा उसळली, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पेल्यातलं पाणी काचेवर उडालं.

"बघा!" ती रडकुंडीला आली. "आता काय चुकलं माझं?"

मिस्त्रीचे दात एकमेकांवर बसले होते. तोंडाशी आलं होतं. शप्पथ सांगतो, अगदी ओठांवर होतं. आणि तो म्हणाला, "क्लच जरा सावकाश सोड."

धिक्कार असो असल्या जिभेचा!

रविवारी त्याने लेकीला सांगितलं, गाडी इथे लाव, जरा ग्रीस मारून देतो. लेक आईबरोबर बाजारात गेली. मिस्त्रीने शटर अर्ध्यावर ओढलं, मागची बाजू जॅकवर उचलली, खाली आधाराला लोखंडी घोड्या लावल्या आणि एकदाचा पाठीवर झोपून गाडीखाली गेला. दोन्ही शॉकअपवर तेलाने कालवलेली धूळ बोटभर साचली होती, म्हणजे आतलं तेल केव्हाच बाहेर आलं होतं. नट गंजलेले, पाना घसरून त्याच्या बोटाची साल निघाली. पहिला शॉकअप सुटला तो त्याने जमिनीवर उभा धरून दाबला. लोण्यात बोट जावं तसा दांडा आत गेला. जिवंत शॉकअपचा दांडा हात काढला की आपोआप वर येतो. हा आला नाही. मिस्त्री किती वेळ त्या दांड्याकडे बघत बसला कुणास ठाऊक. हो, बसला. खाली जमिनीवर, पाय पसरून.

मग उठला आणि कामाला लागला. आपल्याच कपाटातले नवे शॉकअप काढले, एकेक उभा धरून पाचसहा वेळा पूर्ण आतबाहेर केला, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. जागेवर लावले, पण नट नुसते हाताने फिरवून ठेवले. घाईवाले इथेच फसतात. चाकं लोंबकळत असताना नट आवळले तर गाडी खाली बसताच आतलं रबर पिळवटतं आणि महिन्याभरात फाटतं. त्याने गाडी खाली घेतली, वजन चाकांवर येऊ दिलं, मग पुन्हा खाली सरपटत जाऊन एकेक नट आवळला. पुढचे स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगसकट येणारे शॉकअप, तेही बदलून टाकले. खरं तर त्यांची अजून वर्षभर गरज नव्हती. हात थांबत नव्हते, दुसरं काय! शेवटी फडक्याने सगळे नवे भाग पुसले आणि त्यांच्यावर जुनी धूळ चोळली. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. तीस वर्षांच्या मिस्त्रीने स्वतःचं चोख काम मातीने झाकलं.

सोमवारी संध्याकाळी लेक दारातूनच ओरडत आली. "बाबा! बाबा, जमलं! एक थेंब सांडला नाही!" पेला तिने तसाच भरलेला, दोन्ही हातांत धरून घरापर्यंत आणला होता. आईला दाखवला, शेजारणीला दाखवला. मग बापाच्या समोर उभी राहिली. "तुम्ही त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललात ना, तेव्हा मला इतका राग आला होता. पण तुम्ही बरोबर होतात. माझा हातच जड होता." एवढं बोलून तिने पेल्यातलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं आणि हसायला लागली.

"हात धुवून येतो," म्हणून मिस्त्री उठला आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला, तिथून परत, पुन्हा टोकापर्यंत. प्रश्न सुटला होता ना? लेकीची गाडी वाचणार, बापाचा शब्द वाचणार, कुणालाही काही कळणार नाही. आता फक्त मूग गिळून गप्प बसायचं होतं. आणि बसणं हेच तर त्याला जमत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्याचा शेवटचा दिवस आला. लेक माल घेऊन केंद्राकडे निघाली. मिस्त्रीने एका मेलेल्या शॉकअपला पोत्यात गुंडाळलं, स्कूटरच्या पायाशी आडवा टाकला आणि तिच्या मागोमाग निघाला. सांगायचं असं ठरवून निघाला होता का? तर नाही. घरी ठेवला तर बायकोला सापडेल, वाटेत कुठेतरी टाकून देऊ, असं तो स्वतःला सांगत होता. वाटेत दोन नाले लागले, एक उकिरडा लागला. पोतं तसंच राहिलं.

केंद्राच्या आवारात मालक हजर, ड्रायव्हर मंडळी हजर. चष्मेवाल्या बाईंनी गाडीतले हवे ते दहा ट्रे स्वतः निवडले. एका ट्रेमध्ये तीस, म्हणजे तीनशे अंडी. सहापर्यंत माफ. बाई आत गेल्या आणि दार लागलं. लेक दाराला पाठ लावून उभी, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मिस्त्री आवारात येरझारा घालत होता. एक हमाल म्हणाला, "मिस्त्री, थांबा की, जमिनीला खड्डा पडेल." कुणी हसलं, कुणी नाही.

बाई बाहेर आल्या. "दोन," त्या म्हणाल्या.

शंभरात नव्हे, तीनशेत दोन. लेकीने डोळे उघडले. मालक इतका खूश झाला की त्याने चक्क टाळ्या वाजवल्या. सगळ्या ड्रायव्हरांना जवळ बोलावून म्हणाला, "हिच्याकडून शिका जरा. चूक दाखवली तर नाक मुरडलं नाही, सुधारून दाखवलं. आणि मिस्त्रींकडूनही शिका. पोटच्या पोरीचा दोष चारचौघांत सांगायला छाती लागते!" लेक खाली मान घालून ऐकत होती, चूक कबूल असल्यासारखी. त्यांच्यातलाच एक ड्रायव्हर तिला म्हणाला, "बघ, बोलणी खाल्लीस म्हणून शिकलीस." आणि ती म्हणाली, "हो ना."

ते "हो ना" ऐकताच मिस्त्रीच्या येरझारा थांबल्या. तो स्कूटरकडे गेला, पोतं घेऊन आला, शॉकअप काढून सगळ्यांच्या मधे जमिनीवर उभा धरला.

"ही काही सुधारली नाही," तो म्हणाला. "हिला सुधारायचं काही नव्हतंच. हा मागचा शॉकअप. रविवारी मी गुपचूप बदलला." त्याने दांडा दाबला, हात काढला. दांडा आत गेला तो आतच राहिला. "हा बघा. मेलेला आहे, कित्येक महिन्यांचा. मी त्या दिवशी गाडीखाली गेलोच नाही. न बघता बोललो. अंडी गाडीने फोडली, हिने नाही. हात जड माझा होता, मालक. तिचा नाही."

मालकाने वाकून तो दांडा स्वतः एकदा ओढून बघितला, परत दाबून बघितला. मग नुसतं म्हणाला, "मिस्त्री, मी तुम्हाला विचारलं होतं हो." एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर मिस्त्रीला सोसल्या असत्या. मालक लेकीकडे वळला, "गाडी तुझीच आहे. आणि माझंही चुकलं," असं म्हणाला आणि आत निघून गेला. बाकीचेही पांगले. ज्याला काही काम नव्हतं त्यालाही अचानक काम आठवलं.

बापलेक समोरासमोर राहिले. "कधी कळलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"खात्री, तू शेजारी बसवलंस त्या दिवशी."

"आणि संशय?"

"पहिल्याच दिवशी. टायर बघितला तेव्हा."

ती हिशोब करत असावी. तीन आठवड्यांच्या पहाटा, भिजलेली ओढणी, आईची बोलणी. "बाबा, त्या दिवशी ट्रकवर मी नसते, दुसऱ्या कुणाची मुलगी असती, तर तुम्ही काय केलं असतं?"

मिस्त्रीला खोटं बोलता आलं असतं. आता नको वाटलं. "लगेच गाडीखाली गेलो असतो," तो म्हणाला. "पांढऱ्या शर्टासकट. तू माझी म्हणून... लोक म्हणतील, बाप आहे म्हणून..."

लेकीने गाडीचं दार उघडलं, पायरीवर पाय ठेवला आणि वर न बघता म्हणाली, "म्हणजे तुमची नसते, तर मला न्याय मिळाला असता."